सामिष, निरामिष आणि खानदेशचें ताट

दोन मराठी कुटुंबांचा नवा परिचय होऊन जेवणाचें आमंत्रण देण्याची वेळ आली, म्हणजे यजमान किंचित् आवाज उतरवून एक प्रश्न विचारतो : "तुमच्यांत चालतें ना?" काय चालतें हें तो सांगत नाहीं, व पाहुण्यासहि तें विचारावें लागत नाहीं. आमच्या भाषेंत 'ते खातात' एवढेंच कर्महीन वाक्य उच्चारलें तरी त्याचा अर्थ मांस खातात असा होतो, आणि 'ते खात नाहींत' असें म्हटल्यानें कोणी उपाशी आहे असा समज होत नाहीं. या प्रश्नांतील 'तुमच्यांत' हा शब्द मात्र विचार करण्यासारखा आहे. 'तुम्हांला चालतें का' असें यजमानानें विचारलेलें नाहीं. पाहुण्याची रुचि, त्याची प्रकृति, त्याची धर्मबुद्धि यांचें त्याला कांहींएक कर्तव्य नसतें; पाहुणा ज्या कुळांत व ज्या जातींत जन्मास आला तिची तो चौकशी करीत असतो. एखादा जीव मारून खावा कीं खाऊं नये, या अत्यंत वैयक्तिक निर्णयाचा जाब आम्ही व्यक्तीला न विचारतां तिच्या गोताला विचारतों, आणि उत्तरहि गोताच्या वतीनेंच मिळतें.

ज्या रीतीच्या आधारावर हा प्रश्न विचारला जातो ती रीत आज आमच्या डोळ्यांदेखत पालटत आहे, आणि हा पालट पाहावयाचा तर जळगांव व धुळें या जिल्ह्यांइतकी सोयीची जागा दुसरी नाहीं. १९०६ सालापर्यंत हा सारा मुलूख खानदेश या नांवाचा एकच जिल्हा होता. त्या सालीं त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले, आणि १९९८ सालीं धुळ्यांतून नंदुरबार निराळा निघाला. जैन व गुजराथी व्यापारी, महानुभाव, वारकरी, केळीच्या बागा करणारे पाटील, तापीकांठचे भोई, धुळ्याचे मुसलमान विणकर, सातपुड्यांतील भिल्ल व पावरा असे नाना आहारांचे लोक येथें एकमेकांच्या शेजारीं दाटीनें राहत आले आहेत. वांग्याचें भरीत व कळण्याची भाकरी यांनीं ज्या प्रांताचें नांव महाराष्ट्रभर केलें, त्याच प्रांताच्या नांवानें काळ्या मसाल्याचें मटणहि ओळखलें जातें. २०१४ सालच्या सरकारी नमुना-पाहणींत महाराष्ट्रांतील पंधरा वर्षांवरील लोकांपैकीं शेंकडा सुमारें चाळीस जणांनीं आपण शाकाहारी असल्याचें सांगितलें. शेजारच्या गुजराथेंत हें प्रमाण साठांहून अधिक, तर तेलंगणांत दोहोंहूनहि कमी आहे. महाराष्ट्र असा मध्येंच उभा आहे, आणि खानदेश त्याच्या गुजराथेकडील उंबरठ्यावर. (माणसांऐवजीं ताटांना विचारलें असतें तर हा चाळिसांचा आंकडा कांहींसा निराळा निघाला असता, अशी आमची समजूत आहे.)

आपले पूर्वज काय खात होते, हा वाद आपल्याकडे पुष्कळदां चवीनें घातला जातो, म्हणून त्याचा थोडक्यांत निकाल लावून पुढें जाऊं. धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांत कावठें येथें उत्खनन होऊन ताम्रपाषाणयुगांतील एक वस्ती उजेडांत आली आहे. तापीच्या खोऱ्यांत व दख्खनच्या पठारावर त्या काळच्या अशा ज्या वस्त्या आढळल्या, त्यांत गुराढोरांचीं, शेळ्यामेंढ्यांचीं व हरणांचीं हाडें मिळतात. कित्येकांवर कापल्याच्या खुणा आहेत. तीं जनावरें खाल्लीं जात होतीं याविषयीं संशयास जागा राहत नाहीं. परंतु पूर्वज खात होते म्हणून खाण्यास आज्ञा मिळाली असें जसें होत नाहीं, तसेंच ते खातच नव्हते असें म्हटल्यानें न खाण्याला अधिक पुण्य चढतें असेंहि नाहीं. या दोन्ही पक्षांहून आम्हांस भवभूतीचा दाखला अधिक उपयोगाचा वाटतो. हा कवि विदर्भांतल्या पद्मपुरचा, आठव्या शतकाच्या आरंभींचा. त्याच्या 'उत्तररामचरिता'च्या चौथ्या अंकांत वाल्मीकीच्या आश्रमांतील दोन शिष्य गप्पा मारीत आहेत. वसिष्ठ पाहुणे म्हणून आले तेव्हां त्यांच्यासाठीं वासरी मारली गेली, आणि एक शिष्य या थोर ऋषीला वाघ-लांडग्याची उपमा देऊन त्याची मनसोक्त थट्टा करितो. मागाहून जनक राजा आला, त्याला मात्र दहीं व मध एवढ्यानेंच मधुपर्क दिला. कां, तर त्यानें मांस सोडलेलें आहे. कन्येवर कोसळलेलें संकट ऐकून तो वानप्रस्थ झाला होता. एकाच आश्रमांत, एकाच दिवशीं, दोन पूज्य पाहुण्यांचें दोन रीतींनीं आतिथ्य झालें आणि आश्रमाचा धर्म बुडाला नाहीं. वाल्मीकीच्या घरीं 'तुमच्यांत' हा शब्द नव्हता. जनकाचा नेम जनकाचा होता, व तो कां धरला हें त्याला स्वतःला ठाऊक होतें.

खानदेशांत हा निर्णय व्यक्तीच्या हातीं देण्याचें काम माळेनें केलें. तापीकांठीं मेहूण-कोथळी येथें मुक्ताबाईचें स्थान, अमळनेरास सखाराममहाराजांची गादी. या दोहोंच्या छायेंत पिढ्यान् पिढ्या शेतकरी, कारागीर, बाजारकरी लोकांनीं तुळशीची माळ गळ्यांत घातली आणि मांस-मद्य सोडलें. महानुभाव पंथाचे उपदेशी लोक त्याहूनहि कडक. पुढें रावेर-यावलकडे स्वामिनारायण पंथाचाहि शिरकाव झाला. पंथ निराळे, पण वारकऱ्याच्या माळेचा एक विशेष आहे : ती जन्मतः येत नाहीं. ती घालावी लागते. बाप माळकरी असला तरी मुलगा माळकरी ठरत नाहीं, आणि नवरा खाणारा असला तरी बायकोला माळ घालण्यास आडकाठी नसते. यामुळें जुन्या घरांतून दोन चुली असत. आंतली चूल माळकरणीची. परसांतली, तीन दगडांची, पुरुषांची. परसांतल्या चुलीसाठीं पातेलें निराळें, पळी निराळी, आणि तीं भांडीं घांसून पुन्हां परसांतच उपडीं घालावयाचीं. घरधनीण मसाला वाटून देई, भाकऱ्या भाजून देई, परंतु पातेल्याला हात लावीत नसे. तें काम नवऱ्यानें व दिरांनीं करावें. ज्या काळांत पुरुषानें चुलीपुढें बसणें हलकें समजलें जाई, त्या काळांत बायकोच्या नेमाचा मान राखण्यासाठीं पाटलासारखा पाटील परसांत धुरानें डोळे चोळीत बसे. या व्यवस्थेंत गैरसोय होती, शिवाशिव होती, प्रसंगीं भांडणहि होत असेल; परंतु एका छपराखालीं दोन विवेकबुद्धि नांदत होत्या, ही गोष्ट आम्हांस लहान वाटत नाहीं.

परसांतली चूलहि रोज पेटत नव्हती. आखाड, दसरा, एखादा नवस, पीर-दर्ग्याची कंदुरी, पाहुणा जांवई, एवढेच तिचे प्रसंग. श्रावण लागला म्हणजे ती थंड होई; कानबाई बसून तिचे रोट झाले कीं घर गोडाच्या जेवणांत असे. 'गोडाचें जेवण' व 'तिखटाचें जेवण' हे शब्द आमच्याकडे अजून चालतात, आणि तिखटाचें म्हणजे काय हें लहान मुलालाहि सांगावें लागत नाहीं. बोकड पडावयाचा तर तो मुलाण्याच्या हातानें, त्याचें दोन शब्दांचें स्मरण होऊन. हिंदु पाटलाचा बोकड मुसलमान मुलाण्यानें कापावा, अशीच गांवगाड्याची वहिवाट होती. बोकडाचे वांटे पडत आणि ते अनेक घरीं जात. जनावर कोणाच्या गोठ्यांतलें, त्याला कोणी चारलें, तें कोणत्या दिवशीं पडलें, हें खाणाऱ्या प्रत्येकास माहीत असे. कित्येकदां घरांतलीं मुलें त्या दिवशीं जेवावयाला तयार नसत.

माशांविषयीं थोडें सांगितलें म्हणजे पुरे. समुद्र दूर, पावसाळ्यांत तापी-गिरणेस पूर आला कीं भोयांच्या जाळ्यांत मरळ, वाम सांपडावी, आणि बाकीच्या वर्षांत आठवड्याच्या बाजारीं सुकट-बोंबलाची टोपली दिसावी, इतकीच या प्रांताची माशांशीं ओळख होती. गिरणेवर व हतनूर येथें तापीवर धरणें झालीं, जलाशयांत रोहू, कटला, मृगळ यांचें बीं सोडण्यांत येऊं लागलें, आणि मुळचे गंगेच्या खोऱ्यांतले मासे खानदेशच्या बाजारांत वर्षभर मिळूं लागले. ज्या घरांत माशाचा वास सहन होत नसे, तेथें आतां डॉक्टरनें सांगितलें म्हणून मासळी येते. या पालटाबद्दल कोणी फारसें भांडलेलें आमच्या ऐकिवांत नाहीं. मासा मरतांना ओरडत नाहीं, हें त्याचें एक कारण असावें.

येथवर वाचून आम्ही जुन्या काळाचे गोडवे गात आहों असा कोणाचा समज होण्यापूर्वीं त्या काळच्या ताटाची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. त्याच गांवांत, वेशीबाहेर, असे लोक होते कीं ज्यांना मेलेलें ढोर ओढून नेण्याचें काम वतन म्हणून लावून दिलेलें होतें व त्या ढोराचें मांस हा त्या कामाचा मोबदला होता. तें खावें, उरलेल्याच्या चान्या करून वाळत घालाव्या आणि उपासमारीच्या महिन्यांत त्या शिजवाव्या, असें त्यांचें जीवन. गांवाच्या दृष्टीनें मांस खाणाऱ्यांत हे सर्वांत खालचे. आतां अहिंसेच्या मापानें मोजून पाहा. दसऱ्याला बोकड पाडणाऱ्या पाटलानें एक जीव घेतला. तापींत जाळें टाकणाऱ्या भोयानें शंभर घेतले. ढोर आपल्या मरणानें मेल्यावर त्याचें मांस खाणारानें एकहि घेतला नाहीं. हिंसा हें जर आमचें माप असतें, तर मांसाहारी लोकांत मृतमांस खाणारा सर्वांत निर्दोष ठरला असता, आणि गांवानें त्याला पाटलाच्या वर बसविलें असतें. गांवानें त्याला वेशीबाहेर बसविलें. यावरून आमच्या ताटांची जी उतरंड होती ती दयेवर रचलेली नव्हती, हें उघड आहे. ज्याला नाकारतां येतें तो वर, ज्याला नाकारण्याची सोय नाहीं तो खालीं, असा तिचा खरा हिशेब होता; अहिंसेचें नांव तिला मागाहून मिळालें.

म्हणूनच १९२७ सालच्या मार्च महिन्यांत महाडच्या परिषदेंत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं मृतमांस खाणें सोडा असें आपल्या समाजास जें आवाहन केलें, तें आहाराच्या इतिहासांत आम्हांस फार मोठें वाटतें. धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यांत बाबासाहेब ३१ जुलै १९३७ रोजीं मुक्कामास होते, आणि त्या दिवसाच्या स्मरणार्थ तेथें अद्याप दरसाल हजारों लोक जमतात. त्यांतील कित्येकांच्या आज्या-पणज्यांनीं शिजविलेल्या चान्यांची आठवण त्यांच्या घरांत अजून असेल. जें मांस सोडावयाचें त्यासाठीं कोणताहि प्राणी मारला जात नव्हता, तेव्हां या त्यागांत जीवदयेचा प्रश्नच नव्हता. शिवाय ज्याच्याजवळ दुसरें अन्न नाहीं त्यानें तो करावयाचा होता. ज्याच्या घरीं तुपाची धार आहे त्यानें मांस वर्ज्य करणें व ज्याच्या घरीं चान्यांवांचून कांहीं नाहीं त्यानें तें वर्ज्य करणें, या दोन कृतींना एकच नांव देणें आम्हांस अन्यायाचें वाटतें.

यानंतर पांच वर्षांनीं, १९३२ सालीं, धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं दर रविवारीं गीतेवर प्रवचनें केलीं. सानेगुरुजींनीं तीं उतरून घेतलीं. सतराव्या अध्यायावर बोलतांना आहारशुद्धीचा विषय निघाला, तेव्हां हिंदुस्थानांत जातींच्या जाति मांस सोडून बसल्या, हा मानवजातीनें केलेला एक मोठा प्रयोग होय, अशा आशयाचें मत त्यांनीं मांडलें. जे खातात त्यांनाहि तें रोजचें अन्न वाटत नाहीं व खातांना आपल्यांत कांहीं उणें आहे असें वाटतें, असेंहि त्यांनीं सुचविलें. विनोबांच्या म्हणण्यांत तथ्य आहे. प्रत्येक मनुष्यानें प्रत्येक पिढींत हा निर्णय अगदीं पहिल्यापासून करावयाचा म्हटलें तर बहुतेकांच्या हातून तो कधींच होणार नाहीं. ज्यांच्या अंगीं तेवढा विचार किंवा धीर नाहीं त्यांनाहि सवय सांभाळून नेते. परंतु येथेंच आमचा आक्षेप उभा राहतो. पणजोबानें झगडून मिळविलेला संयम पणतूस वारशानें येतो, त्या वेळीं तो संयम राहतो काय? ज्या वस्तूची चव माहीत नाहीं, वास सहन होत नाहीं व घरांत नांव काढलें जात नाहीं, ती न खाण्यांत पणतूनें काय सोडलें? वाडवडिलांचें धन उपभोगणारास आम्ही श्रीमंत म्हणतों, परंतु उद्योगी म्हणत नाहीं. आणि खाणाऱ्याच्या मनांतील तो उणेपणा प्राण्याविषयींच्या दयेनें आला कीं वरच्या पंक्तींतील लोकांच्या नजरेनें आला, याचाहि निवाडा व्हावयास हवा.

असा निवाडा करण्यास एक उदाहरण खानदेशच्या सीमेवरच घडलें आहे. १९२२-२३ च्या सुमारास दक्षिण गुजराथेंतील व डांगांतील आदिवासींत एका देवीचें वारें आलें, आणि तें पश्चिम खानदेशाच्या सरहद्दीपर्यंत पोहोंचलें. अंगांत आलेल्या माणसांच्या मुखानें देवी आज्ञा देई : दारू सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा. गांवच्या गांवांनीं तें मानलें. पुढें वारें ओसरल्यावर पुष्कळ लोक जुन्या आहाराकडे वळले. ज्यांनीं नेम टिकविला ते वरजेला व ज्यांनीं सोडला ते सरजेला, असे दोन पक्ष पडले. या लोकांनीं वरच्या जातींचें अनुकरण केलें असें म्हणून त्यांची बोळवण करणें सोपें आहे. आम्हांस मात्र असें दिसतें कीं त्यांनीं धरलें तेंहि उघड, सभेंत धरलें, आणि सोडलें तेंहि उघड सोडलें.

आतां आजच्या पालटाकडे येऊं. त्याचें सर्वांत मोठें कारण बोकड नव्हे, मासाहि नव्हे; तें आहे पिंजऱ्यांत व शेडमध्यें वाढणारी पांढरी कोंबडी. पूर्वीं कोंबडी मटणाहून महाग असे व ती आजाऱ्यासाठीं किंवा जांवयासाठीं राखून ठेवीत. १९७१ सालीं पुण्यास व्यंकटेश्वरा हॅचरीज निघाली, १९८२ सालीं अंड्यांच्या भावासाठीं उत्पादकांची देशव्यापी समिति झाली, आणि पाहतां पाहतां नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर हें आडवळणाचें गांव कोंबड्यांच्या शेडींनीं भरून गेलें. पांच-सहा आठवड्यांची ब्रॉयलर कोंबडी जिवंतपणीं दोन-अडीच किलो भरते. ती स्वस्त आहे, लौकर शिजते, तिला परसांतली चूल लागत नाहीं. गॅसच्या शेगडीवर, आंतल्याच स्वयंपाकघरांत ती होते. रविवार हा तिचा वार ठरून गेला. पुढें बुधवार व शुक्रवारहि आले.

एका मध्यम बोकडाचें दहाबारा किलो मांस निघतें. तेवढ्याच मांसाला आठ-नऊ कोंबड्या लागतात. म्हणजे मटणाऐवजीं कोंबडी खाणारा, आपण कांहींतरी सौम्य करितों अशा समजुतींत, एका मरणाच्या जागीं आठ मरणें घडवितो. वर्षांतून चार वेळां खाणारा आठवड्यांतून दोनदां खाऊं लागला, तो हिशेब निराळाच. आणि इतकें होऊन मरणाचा मागमूस घरांत नाहीं. ज्या पांखराला नांव नाहीं, गोठा नाहीं, ज्याला कोणी चारलें हें ठाऊक नाहीं, तें काळ्या पिशवींतून येतें. कित्येक ठिकाणीं खाटकाच्या दुकानापुढें पडदा असतो, तो रस्त्यानें जाणाऱ्या न खाणाऱ्यांचें मन दुखवूं नये म्हणून असतो असें म्हणतात. आमच्या मतें त्याचा खरा उपयोग रांगेंत उभ्या असलेल्या खाणाऱ्यांस होतो. बौद्ध भिक्षूला मांस घेण्यास जी जुनी मुभा होती तींत तीन अटी होत्या : प्राणी आपल्यासाठीं मारलेला पाहिलेला नसावा, ऐकलेला नसावा व तसा संशयहि नसावा. भिक्षेच्या पात्रांत जें पडेल तें घेणाऱ्यासाठीं केलेला हा नियम. आम्हीं पडदा लावून पहिल्या दोन अटी पुऱ्या केल्या. तिसरीचें काय, हें ज्यानें किलोचा भाव विचारून पैसे मोजले त्यानें सांगावें.

२००६ सालच्या १८ फेब्रुवारीस नवापुरास कोंबड्यांत बर्ड फ्लूची सांथ असल्याचें जाहीर झालें. हिंदुस्थानांत ती प्रथमच आढळली होती. पुढच्या महिन्यांत जळगांव जिल्ह्यांतील कांहीं गांवांतहि ती निघाली. लाखों कोंबड्या मारून खड्ड्यांत पुरल्या गेल्या. त्या दिवसांत खानदेशांतच काय, देशभर कोंबडी कोणी शिवेना; जें दयेनें शेंकडों वर्षांत साधलें नाहीं तें भयानें एका आठवड्यांत साधलें, आणि भय ओसरतांच मावळलें. खड्ड्यांतील त्या पांखरांविषयीं हळहळ ऐकूं आली ती बहुतेक शेडवाल्यांच्या नुकसानीची होती. नुकसान खरें होतें, कुटुंबें बुडालीं, हें आम्ही कमी लेखीत नाहीं.

याच्या शेजारीं दुसरी एक हकीकत ठेवून पाहावी. नाशिक जिल्ह्यांतील सप्तशृंगी ही खानदेशच्या असंख्य घरांची कुलस्वामिनी. चैत्रांत जळगांव-धुळ्याकडून तेथें पायीं जाणाऱ्यांनीं रस्ते फुलून जातात. तेथें दसऱ्याला देवीपुढें बोकडाचा बळी देण्याची जुनी चाल. २०१६ सालच्या दसऱ्यास त्या प्रसंगीं सलामीसाठीं झाडलेल्या बंदुकीचे छर्रे लागून कांहीं लोक जखमी झाले, २०१७ पासून बळीस बंदी झाली, आदिवासी भाविकांच्या वतीनें उच्च न्यायालयाकडे दाद मागण्यांत आली, आणि २०२२ सालीं न्यायालयानें अटी घालून परवानगी दिली. बळी असावा कीं नसावा याविषयीं दोन्हीकडून पुष्कळ लिहिलें-बोललें गेलें. बळीच्या चालीचा आम्हांस मुळींच अभिमान नाहीं. देवीला रक्त आवडतें असें मानणें आमच्या बुद्धीस पटत नाहीं. परंतु वर्षांतून एकदां, भर दिवसा, सर्वांसमक्ष मरणाऱ्या एका बोकडाविषयीं ज्यांची करुणा इतकी जागी झाली, त्यांतील कित्येकांच्या घरीं त्याच रविवारीं काळी पिशवी आली असेल, ही गोष्ट मनांतून जात नाहीं. करुणेला दिसणें आवश्यक असतें काय? असेल, तर पडदा काढल्यावांचून तिची परीक्षा कशी व्हावी?

खाणाऱ्यांची ही अवस्था, तर न खाणाऱ्यांची काय? जुना वारकरी आपली माळ सांभाळी व दुसऱ्याच्या परसांतील धुराकडे पाहत नसे. हल्लींच्या निरामिषतेला दुसऱ्याच्या परसांत डोकावण्याची संवय लागली आहे. शहरांतल्या नव्या वसाहतींत घर भाड्यानें देतांना 'न खाणारे पाहिजेत' अशी अट सर्रास घालतात, आणि ही अट कोणास वगळण्यासाठीं आहे हें घालणारा व वाचणारा दोघेहि जाणतात. कायद्याचा हातहि ताटापर्यंत आला आहे. गोवधबंदीचा १९७६ चा कायदा २०१५ सालीं बैल-वळूंपर्यंत वाढविला गेला. म्हाताऱ्या बैलाला वैरण कोणी घालावयाची, हा प्रश्न मात्र कायद्यानें शेतकऱ्याच्या दारांतच ठेवला. त्याहूनहि आम्हांस लागलेली गोष्ट लहान मुलांची आहे. २०२३ च्या नोव्हेंबरांत शाळेंतील मध्यान्ह जेवणांत आठवड्यांतून एक अंडें देण्याचा निर्णय सरकारनें घेतला, व न खाणाऱ्या मुलास केळें द्यावें असें ठरलें. केळ्यासाठीं प्रसिद्ध असलेल्या जळगांवास यांत वाईट वाटण्यासारखें कांहीं नव्हतें. वर्गांत प्रत्येक मुलाला 'तुला काय पाहिजे' असें विचारलें जाणार होतें. वाल्मीकीच्या आश्रमांतील जुनी रीत, अंडें व केळें यांच्या रूपानें कां होईना, परत येत होती. परंतु यावर गदारोळ झाला, आणि २०२५ च्या जानेवारींत सरकारनें अंड्यांचा खर्च देणें बंद केलें. सातपुड्यांतल्या धडगांव-अक्कलकुव्याकडे, जेथें कुपोषणानें मुलें दगावतात, तेथल्या पावरा व भिल्ल मुलांच्या आईबापांची अंड्यास ना नव्हती. ज्यांच्या घरीं दूध-तूप-डाळ आहे अशांच्या पुण्याईसाठीं ज्यांच्या घरीं तें नाहीं त्यांच्या मुलानें उपास करावा, यास अहिंसा म्हणावयाचें असेल तर त्या शब्दाचा अर्थ पुन्हां ठरवावा लागेल.

आणि या निरामिष घरांतलींच तरुण मुलें पुण्या-मुंबईस शिकावयास व नोकरीस जातात. तेथें मित्रांबरोबर तीं खातात. ही बातमी खानदेशांतल्या प्रत्येक आईबापास ठाऊक आहे, आणि प्रत्येकजण ती शेजाऱ्याच्या मुलाविषयीं सांगतो. मुलगा सुटींत घरीं आला कीं पुन्हां भरीत-भाकरी, पुन्हां श्रावण, पुन्हां 'आमच्यांत चालत नाहीं'. त्यानें खाल्लें याचें आम्हांस फारसें दुःख नाहीं. त्यानें विचार करून खाल्लें असतें, तर त्याच्याशीं वाद घालण्यांतहि आनंद होता. परंतु तो खातो तें विचार करून नव्हे, आणि घरीं खात नाहीं तेंहि विचार करून नव्हे. दोन्हीकडे त्याला 'तुमच्यांत' असें विचारणारें कोणीतरी भेटलेलें असतें, व तेथें जें चालतें तें तो चालवून घेतो.

मेहूणच्या वाटेवरील खेड्यांतून अजून माळकरी भेटतात. त्यांच्यांत एक रीत आहे. ज्याच्या हातून नेम पाळवत नाहीं तो गळ्यांतली माळ काढून देवापुढें ठेवतो. गांवांत तें कळतें, दोन दिवस बोलणें होतें, आणि मग त्याच्यासाठीं परसांत चूल मांडली जाते. कांहीं वर्षांनीं, मुलीचें लग्न झाल्यावर किंवा एखादें दुखणें उलटल्यावर, तोच मनुष्य आषाढींत पंढरपुराहून पुन्हां माळ घालून येतो, आणि त्या रात्रीं परसांतले तीन दगड कोणीतरी उचलून बांधाला टाकतें. पुण्याहून सुटींत आलेल्या मुलापाशीं काढून ठेवण्यासारखें कांहींच नसतें.